तोरूच्या कानात

बाबा माझ्याशी बोलायचे नाहीत. भांडण वगैरे काही नव्हतं. ते घोड्याशी बोलायचे आणि मी ऐकायचो.

"तोरू," खोगिराचा पट्टा आवळता आवळता ते म्हणायचे, "काल कुणीतरी मेंढ्यांच्या वाड्याचं दार नुसतं लोटून ठेवलं होतं. लांडग्यांना आवतणच दिलं म्हण की. जोडीला चहा पण ठेवायचा ना त्यांच्यासाठी."

तोरू कान हलवायचा. मी मुकाट्यानं जाऊन दाराला कडी घालून यायचो.

लेकी बोले सुने लागे, हे आमच्या कारा-ओय गावात घरोघरी चालतं. सासू लेकीला रागावते, सून समजून घेते. आमच्या घरात लेक नव्हती, म्हणून घोडा. आई किटलीशी बोलायची. "किटलीबाई, बादल्या रिकाम्या आहेत. नदीवर आज तूच जाऊन येतेस का?" की मी उठायचो. तीन माणसांचं घर, आणि प्रत्येकाचं बोलणं चौथ्याच कुणाशी तरी.

माझं नाव तेझेक. म्हणजे गोवरी. चुलीत घालतात ती. माझ्या आधी दोन भाऊ झाले, दोघांची नावं एकदम देखणी होती, आणि दोघंही रांगायला लागायच्या आत गेले. मग मी झालो तेव्हा सुईण म्हणाली, ह्याला असं नाव द्या की मरणालासुद्धा उचलावंसं वाटू नये. गोवरी कोण चोरतं? आणि मी जगलो. त्यामुळे नावाला नावं ठेवायची सोय राहिली नाही.

पण नावावर भागलं नाही. दृष्ट लागेल म्हणून घरात मला कुणी चांगलं म्हणायचंच नाही, असं न बोलता ठरून गेलं. पाहुणा म्हणाला, पोरगा उंच झाला हो, की आई लगेच, "कसला उंच, नुसती काठी. वारा आला की डुलतो." आणि बाजूला तोंड करून थू थू. शाळेत मी एकदा गणितात पहिला आलो. बाबा तोरूला म्हणाले, "बाकीची पोरं आजारी असतील रे."

हे सगळं मायेनंच होतं, मला कळायचं. डोक्याला कळायचं. पण रोज ऐकून ऐकून कानाला सवय लागते, आणि मग बाहेर कुणी बोललं नाही तरी आत चालूच राहतं. माझ्या आत एक जण बसलेला असतो. बोलतो बाबांच्या आवाजात, पण बाबांपेक्षा खूप जास्त. ए गोवरी, तुला काय जमणार. ए गोवरी, गप बस, लोक बघतायत. बाबा निदान झोपायचे तरी. हा झोपत नाही.

उदाहरण सांगतो. अट-बाशीच्या बाजारातून आमच्या गावाकडे व्हॅन येते. आपलं घर आलं की ड्रायव्हरला ओरडून सांगायचं, थांबव. बस. एवढंच. मला ते जमायचं नाही. घर जवळ आलं की आतला सुरू व्हायचा, आवाज चिरकेल, सगळे वळून बघतील. तेवढ्यात घर मागे पडायचं. मग पुढे कुणीतरी थांबव म्हणायचं, त्याच्याबरोबर मी उतरायचो आणि पिशव्या घेऊन मागे चालत यायचो. कित्येक वर्षं. आईला वाटायचं मला चालायला आवडतं.

आता ती एप्रिलची गोष्ट.

मेंढ्या विणीच्या होत्या. बाबा शेजारच्या गावी लग्नाला गेलेले, कळप घेऊन मी एकटा नदीपलीकडे. आणि अचानक बर्फ. एप्रिलचं बर्फ वाईट, ओलं असतं, जड असतं, मेंढ्या आहे तिथे बसतात आणि मग उठत नाहीत. मी काय केलं ते मला नीट आठवतही नाही. ढकलत होतो, ओढत होतो, नुकती झालेली कोकरं कोटाच्या आत घालत होतो, ओरडत होतो. पुढे एक बोकड चालवला आणि त्याच्यामागे सगळ्यांना दरडीच्या आडोशाला आणलं. एकही गेली नाही. एकही.

सकाळी आभाळ मोकळं झालं, ऊन पडलं. बर्फ ठिबकायला लागलं. बाबा तोरूवरून आले. घोडा भिजलेला, ते भिजलेले. खाली उतरले. अंगातला जाड कोट काढून खोगिरावर टाकला. मेंढ्यांकडे बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडे. मी वाट बघत होतो, आता तोरूला काय सांगतात. बोकडाबद्दल काहीतरी म्हणतील, किंवा कोट घाण केला म्हणून.

ते तोरूच्या पलीकडच्या अंगाला गेले. त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी बोलले.

हळू.

हे कधीच झालं नव्हतं. तोरूशी ते नेहमी मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचे, त्यासाठीच तर बोलायचे. त्या दिवशी मला घोड्याच्या मानेखालून त्यांचे हलणारे ओठ दिसले, शब्द नाही. तोरूचा कान त्यांच्याकडे वळलेला. मग ते पुन्हा इकडे आले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तोरू, चल, भूक लागली असेल सगळ्यांना."

विचारायला हवं होतं. पण आमच्यात विचारत नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबा गेले. खोगीर उतरवता उतरवता छातीत कळ आली, तोरूच्या पायाशीच बसले, आणि मी पोचेपर्यंत संपलं होतं.

आमच्यात माणूस गेलं की अंगणात नमद्याचा, जाड थापलेल्या लोकरीचा, तंबू उभारतात. प्रेत आत, बायका आत, रडगाणी आत. मुलगे बाहेर. कमरेला पट्टा बांधायचा, काठीवर ओणवं व्हायचं, आणि लांबून माणसं येताना दिसली की मोठ्यानं आक्रोश करायचा. माझ्या डोंगरा रे, माझ्या आधारा रे, बाबा रे. येणारेही तसेच ओरडत येतात, मग गळ्यात पडायचं. मोठ्यानं रडणं हा मयताचा मान. जेवढा आवाज तेवढा मान.

मी काठीवर ओणवा झालो आणि घशातून काही निघेना.

आत मात्र चालू. ए गोवरी, रडताही येत नाही तुला. लोक म्हणतील बाप मेला तरी ह्याला काही नाही. मी तोंड उघडायचो, वारा बाहेर पडायचा. शेजारी माझा चुलत भाऊ कचकिन उभा होता. त्याचा गळा बैलासारखा. तो काकासाठी असा रडला की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली.

माझ्या पाठीत कुणीतरी बोट खुपसलं. जुमाकादिर आबा. बाबांचे थोरले भाऊ, कचकिनचे वडील, घराण्यात आता सगळ्यात मोठे, सगळे निर्णय त्यांचे.

"ओठ काय हलवतोस मासळीसारखे," ते कानात म्हणाले. "माझ्या भावाला मुलगा होता की नव्हता, लोकांना कळू दे."

तरीही नाही निघाला आवाज.

तिसऱ्या दिवशी आबांनी कात्री मागवली आणि तोरूची शेपूट कापली. ही जुनी रीत. आता फारसं कुणी करत नाही, पण आबा करतात. मालक गेला की त्याच्या घोड्याची शेपूट कापायची, म्हणजे घोडाही विधवा झाला. वर्षभर त्याच्यावर कुणी बसायचं नाही. आणि वर्ष भरलं की मोठं जेवण असतं, आश म्हणतो आम्ही त्याला, तेव्हा तो कापायचा. मालकाला वर बसायला घोडा लागतो.

तोरू शेपटीशिवाय उभा होता. माश्या हाकलायला शेपूट हलवायला गेला, आणि नुसता खुंट हलला. त्यानं मागे वळून बघितलं.

तेव्हा मी ठरवलं की तोरूला जाऊ द्यायचं नाही. जे काय बाबा माझ्याबद्दल बोलले होते ते त्याच्या कानात होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं. आणि त्याला वाचवायला फार काही लागणार नव्हतं. लढाई नाही, पैसा नाही. एक वाक्य. आबा, तोरूला राहू द्या, त्याच्या जागी माझी घोडी घ्या. माझी स्वतःची घोडी होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली. रीतसर बदली चालते, गावात झालेलं आहे. फक्त मुलानं मागायला हवं. तोंडानं.

एक वर्ष होतं हातात.

त्याच्यावर बसता येत नव्हतं, म्हणून मी त्याला रोज चालवत पाण्यावर न्यायचो. पहिले काही आठवडे मुक्यानं. मग एक दिवस मी त्याला विचारलं, "काय म्हणाले रे त्या दिवशी?"

तोरू पाणी प्यायला. आणखी काय करणार.

मग मी अंदाज करायला लागलो. एप्रिलच्या त्या सकाळी बाबा काय म्हणाले असतील? मी बाबांचा आवाज काढायचो, तसाच थोडा नाकातून, आणि तोरूच्या कानात सांगून बघायचो. "तोरू, बोकड पुढे चालवायची अक्कल कुठून आली ह्याला." हे बरं वाटलं. हे बाबा म्हणाले असते. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे गेलो. "तोरू, पोरगं कामाचं निघालं रे."

हे बोललो आणि माझे कान तापले. मी चहूकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. नदीपाशी कुणी नव्हतं. तोरूचा कान मात्र वळला होता. माझ्याकडे. बाबांकडे वळायचा तसा.

मग रोज. हसाल तुम्ही, पण रोज सकाळी मी घोड्याच्या कानात स्वतःचं कौतुक करायचो, मेलेल्या बापाच्या आवाजात. "तोरू, आज ह्यानं खुरं छान साफ केली." "तोरू, ह्याचा आवाज इतकाही वाईट नाही." सुरुवातीला आतला माणूस मध्येमध्ये बोलायचा. मी बाबांचा आवाज थोडा मोठा करायचो. दोघांचा आवाज एकच, मग कोण कुणाला गप्प करणार, जो मोठ्यानं बोलेल तो.

हिवाळ्यात एकदा व्हॅनमधून येत होतो. घर दिसलं. आणि मी म्हणालो, "थांबव."

ड्रायव्हरनं थांबवली. कुणी वळून बघितलं नाही. एका बाईनं फक्त पाय बाजूला घेतला मला जायला. मी अंगणात पिशव्या घेऊन उभा राहिलो आणि मला रडू आलं. एवढंसंच होतं ते. इतकी वर्षं मी एवढ्याशासाठी मागे चालत येत होतो.

आई दारातून म्हणाली, "किटले, आज कुणीतरी लवकर आलंय."

उन्हाळा कुरणावर गेला. तोरू जाड झाला, केस चमकायला लागले. त्याचं जाड होणं मला बघवत नव्हतं. लोक येता जाता थोपटून म्हणायचे, वा, आशला शोभेल. मी मनात वाक्य घोकायचो. आबा, तोरूला राहू द्या. तोरूला उभं करून त्याच्यासमोर म्हणायचो. आबा, तोरूला राहू द्या, त्याच्या जागी माझी घोडी घ्या. न अडखळता यायचं. आबांसारखी मान ताठ करून तोरू ऐकायचा.

सप्टेंबरच्या शेवटी आबा घरी आले. बरोबर त्यांच्या वयाचे दोघे-तिघे, आणि कचकिन. जेवणाचं ठरवायला. आईनं चादर अंथरली, नान, लोणी, कणकेचे तळलेले बोरसोक. ती दाराशी किटली घेऊन बसली, अर्धी वाटी चहा ओतून पुढे करत. आबांसमोर ती मान वर करत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं आबांचं नाव उच्चारलेलं नाही. थोरले, एवढंच म्हणते.

तंबू किती, मेंढ्या किती, कुणाला बोलवायचं, सगळं झालं. मग आबा म्हणाले, "आणि घोडा तर आहेच. मुलगा समोर आहे, त्याला विचारायची रीत आहे. बोल रे, काही म्हणायचंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं. आबांचे डोळे माझ्यावर, वर पांढऱ्या भुवया. आणि मला असं सरळ माणसाच्या डोळ्यांत बघून काही मागितल्याचं आठवेच ना. कधी केलंच नव्हतं. माझी नजर आपोआप फिरली. किटलीकडे. आणि मी तिच्याकडेच बघत म्हणालो, "आई, आपली ती टिळ्याची घोडी पण आता चांगली जाड झालीय, नाही का?"

आईचा हात वाटीवर थांबला.

तिला कळलं. लगेच कळलं. आमच्या घरातली भाषाच ती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता बोलेल. मग तिनं मान खाली घातली. थोरल्यांसमोर ती काय बोलणार.

आबांनाही कळलं. त्यांच्या पद्धतीनं.

"ऐकलंत?" ते म्हाताऱ्यांकडे वळले. त्यांचा चेहराच बदलला. "मी मागितली नव्हती. कुणी सुचवलं नव्हतं. स्वतःहून देतोय. बापाचा घोडा तर आहेच, वर स्वतःची घोडी. माझ्या भावाच्या, ओस्मोनकुलच्या जेवणाला दोन घोडे. अरे, कोण म्हणतं माझा भाऊ निपुत्रिक गेला."

"गोवरीत विस्तव होता म्हणायचा," एक म्हातारा म्हणाला.

"वाऱ्यानं फुंकर घालायची खोटी होती," दुसरा.

कचकिननं माझ्या पाठीवर थाप मारली. "लेका, आता माझा बाप मला रोज तुझं नाव ऐकवणार."

आबा गुडघ्यांवर पुढे सरकले, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचा वास घेतला. लहान पोराचा घेतात तसा. "शाब्बास," ते म्हणाले. "शाब्बास, माझ्या लेका."

आता मी काय सांगू. चोवीस वर्षांचा झालो होतो, आणि हा शब्द मला कुणी, जिवंत माणसानं, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर म्हटला नव्हता. माझ्या छातीत काहीतरी इतकं गरम झालं. मला माहीत होतं की नाही म्हणायचंय. नाही आबा, मला तसं नव्हतं म्हणायचं. जिभेच्या टोकावर होतं. पण ते म्हटलं की हे गरम जाणार. मी म्हटलं एक क्षण थांबू. फक्त एक क्षण अजून.

तेवढ्यात आबांनी हात वर केले. सगळ्यांनी हात पसरले, आबांनी दुआ म्हटली, आमीन झालं, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. दुआ झाली की ठरलं. त्यानंतर बोलायचं नसतं.

मी पण हात फिरवले चेहऱ्यावरून.

ते गेल्यावर आई अंगणात बादली घासत होती. "बादले," ती म्हणाली, "काही जणांना तोंड दिलंय ते फक्त चहा प्यायला."

"तू का नाही बोललीस?" मी म्हणालो.

ती घासत राहिली. मग बादलीलाच म्हणाली, "मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, बघा, नवरा गेला आणि हिला तोंड फुटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांकडे गेलो. अजून वेळ होता. दुआ झाली तर झाली, पाया पडेन, रागावले तर रागावतील. दारात शिरलो तर आत शेजारचे बसले होते आणि आबा माझीच गोष्ट सांगत होते. "हा बघा, आलाच. ये, ये. तिथे नाही, इकडे वर बस." मला दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं. त्या जागेवर मी आयुष्यात बसलो नव्हतो. कुणीतरी उशी सरकवली. मी चहा प्यायलो. आणखी एक वाटी प्यायलो. आणि घरी परत आलो.

वाटेत आतला माणूस काहीच बोलला नाही. शिव्याही नाही. ते सगळ्यात वाईट होतं.

आशच्या दिवशी ऑक्टोबर असून उकडत होतं. लोकांनी टोप्या मागे सरकवल्या होत्या. घोडी आधी नेली, ती गेली बिचारी मुकाट. मग कचकिन तोरूला आणायला गेला. तोरू येईना. दोन पायांवर उभा राहिला, दोर हिसकला, कचकिन चिखलात बसला. लोक हसले.

"तेझेकला बोलवा," आबा म्हणाले. "त्याच्याशिवाय तो कुणाचं ऐकत नाही."

मी गेलो. दोर हातात घेतला. तोरू लगेच थांबला, नाकपुड्या फुगलेल्या, अंग थरथरतंय. मी त्याच्या पलीकडच्या अंगाला गेलो, म्हणजे लोकांना माझं तोंड दिसू नये. त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"आबा," मी म्हणालो, "तोरूला राहू द्या. त्याच्या जागी माझी घोडी घ्या."

सगळं वाक्य आलं. न अडखळता. त्याचा कान वळला, माझ्या ओठांना लागला. मऊ होता. मग तो माझ्यामागे चालायला लागला.

"काय सांगितलंस रे त्याला?" कचकिन पँट झटकत म्हणाला. "कोकरू झालं की एकदम."

"काही नाही," मी म्हणालो. "थंडी आहे म्हटलं."

कचकिननं घाम पुसत माझ्याकडे बघितलं.

दोर मीच धरला होता शेवटपर्यंत. त्याचे पाय बांधले, आडवा केला, तोंड मक्केकडे केलं. मी बघितलं नाही. हातातला दोर आधी ताणला आणि मग सैल झाला.

तेव्हा आवाज निघाला. माझा आहे हे मला आधी कळलंच नाही, वाटलं कचकिन आहे. डोंगरा नाही, आधारा नाही, नुसतं बाबा रे, बाबा रे, बाबा रे. नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. तंबूतल्या बायका गाता गाता थांबल्या.

"ऐका," आबा डोळे पुसत म्हणत होते. "वर्षानं का होईना, रडला. बापाला शोभेल असा रडला. शाब्बास."

ह्या वेळी काही गरम वाटलं नाही.

संध्याकाळच्या आत माणसं गेली. आईनं काळा रुमाल सोडून पांढरा बांधला, दुखवटा संपला. आम्ही दोघंच. ती ताट घेऊन आली, वर वाफ, कांदा, मांसाचे जाड तुकडे. कुठल्या घोड्याचं ते मी विचारलं नाही. तिनं ताट मध्ये ठेवलं आणि किटलीकडे वळली.

"किटले, सकाळपासून कुणाच्या पोटात काही नाही. खाणार आहे की नाही, विचार जरा."

"आई," मी म्हणालो, "मला विचार ना."

ती थांबली. बराच वेळ किटलीचं झाकण नीट करत राहिली, ते नीटच होतं. मग वळली. माझ्या डोळ्यांत बघितलं. तिला जड गेलं ते, मला दिसलं.

"खाशील?"

"नाही," मी म्हणालो.

सोपा होता शब्द. तिनं ताट उचललं, बाजूला नेऊन झाकून ठेवलं. रागावली नाही, काही नाही. परत येऊन बसली. मग मी विचारलं. गेल्या वर्षी एप्रिलात, बर्फानंतर, बाबा तोरूच्या कानात काय म्हणाले होते, तुला कधी बोलले का?

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "घरी आले तेव्हा चेहरा असा होता त्यांचा... काय झालं म्हटलं. म्हणाले, पोरानं सगळ्या मेंढ्या आणल्या. मग? म्हटलं, त्याला काही बोललात का? म्हणाले, तोरूला सांगितलं. काय सांगितलंत? तर म्हणाले, काही नाही. थंडी आहे म्हटलं."

आई हसली थोडी. "असेच होते ते."

मी तिच्याकडे बघत राहिलो.

ऊन पडलं होतं त्या दिवशी. बर्फ ठिबकत होतं. बाबांनी उकडतंय म्हणून अंगातला कोट काढून खोगिरावर टाकला होता.